विरोधकासाठी पसरलेले हात

(हिंगणा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१९०७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरायचे होते. अध्यक्ष कोणाला करायचे यावरून जहाल आणि मवाळ यांच्यात अशी जुंपली की स्वागत समितीची बैठकच गोंधळात बुडाली. नागपुरात जहालांचा जोर होता. इथे अधिवेशन भरले तर सूत्रे आपल्या हातून जातील हे मुंबईच्या सर फिरोजशहा मेहतांनी ओळखले आणि अधिवेशन सुरतेला हलवले गेले. जागा बदलली, तंटा तोच राहिला.

सुरतेच्या मंडपात २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना कोणी बोलू दिले नाही आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी रासबिहारी घोष अध्यक्षीय भाषणाला उभे राहणार तोच लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले. आपण सूचना आधीच लेखी दिली आहे, ती मांडू द्या, असा त्यांचा आग्रह. अध्यक्ष परवानगी देईनात, टिळक जागचे हलेनात. हाताची घडी घालून ते तिथेच उभे राहिले. चहूकडून आरडाओरडा सुरू झाला. एवढ्यात एक जोडा हवेतून भिरभिरत आला, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि तिथून फिरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, आणि शेवटी मंडप रिकामा करायला पोलीस आले.

हे सगळे पाहायला एक परदेशी माणूस हजर होता. हेन्री नेव्हिन्सन हे ब्रिटिश पत्रकार त्या हिवाळ्यात हिंदुस्थानात फिरत होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द न्यू स्पिरिट इन इंडिया’ हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी तो जोडासुद्धा टिपला आहे: मराठी घडणीचा, तांबूस कातड्याचा, पुढे टोक असलेला, तळाला शिसे ठोकलेला. पण नेव्हिन्सन यांची नजर जोड्यावरच थांबली नाही. टिळकांवर मवाळ गटातले तरुण मुठी आवळून धावून जात असताना एक माणूस टिळकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने त्यांना वाचवण्यासाठी दोन्ही हात पसरले, हेही त्यांनी लिहून ठेवले. तो माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले आणि टिळक यांचे वैर तेव्हा सतरा वर्षांचे होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघे सहकारी होते. १८९० मध्ये टिळक तिथून बाहेर पडले. पुढे १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाने ताब्यात घेतली आणि गोखल्यांना तिथून निघावे लागले. सामाजिक सुधारणा, संमतिवय, बहिष्कार, अशा अनेक मोठ्या विषयांवर दोघांचे पटत नव्हते. सुरतेत तर गोखले दुसऱ्या बाजूचे प्रमुख. टिळकांवर चार हात पडले असते तर गोखल्यांच्या पक्षाचे काही बिघडत नव्हते. तरी ते हात पसरून उभे राहिले.

आपल्या आठवणीत सुरत म्हटले की जोडा उरला आहे. पसरलेले हात फारसे कोणाला ठाऊक नाहीत. असे का व्हावे? घरच्या माणसाला भांडणातली बाजू आधी दिसते. कोण आपला, कोण परका, हे ठरल्याशिवाय त्याची नजर पुढे सरकत नाही. बाहेरून आलेल्याला ही निवड करायची नसते, म्हणून त्याला माणसे दिसतात. राष्ट्रीय राजकारणातले चारित्र्य आणि सभ्यता यांच्याकडे देशाबाहेरून पाहणाऱ्याची नजर कशी असते, तिचा उपयोग काय आणि ती कुठे चुकते, हा आजचा विषय. हिंगण्यात तो मांडण्याला कारण आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतून ट्रॅक्टर बाहेर पडतात, तसे वानाडोंगरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेले तरुण कित्येक वर्षे जगभर जात आहेत. मागे राहिलेल्या आईवडिलांशी त्यांचे रविवारी जे बोलणे होते, त्यात तब्येत आणि सोयाबीनचा भाव यांच्या खालोखाल राजकारणच असते.

सुरतेच्या प्रसंगाचा उत्तरार्ध १९१५ मध्ये घडला. १९ फेब्रुवारीला गोखले वारले, वय अवघे अठ्ठेचाळीस. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षे भोगून त्यांना परतून वर्षही झाले नव्हते. बातमी कळताच ते गड उतरून पुण्यात आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. त्यांना पाहून जमलेल्यांतून टाळ्या वाजू लागल्या. त्या टिळकांनी थांबवल्या. ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रूंची आहे, असे बजावले. मग ज्याच्याशी आयुष्यभर भांडले त्या माणसाला त्यांनी देशाचा हिरा म्हटले आणि लोकांना त्याचे अनुकरण करायला सांगितले. मतभेद त्यांनी मागे घेतले नाहीत. मवाळ मार्ग बरोबर होता असेही ते म्हणाले नाहीत. त्याची गरजही नव्हती.

सभ्यता म्हणजे गोड बोलणे, हा समज इथेच बाजूला ठेवावा. टिळकांची लेखणी गोड कधीच नव्हती आणि गोखल्यांवर तिने केलेले वार आजही वाचवत नाहीत. सभ्यतेची कसोटी दुसरीकडे आहे. समोरचा माणूस या देशाचा तेवढाच धनी आहे, त्याला बोलायचा, हरायचा, पुन्हा उभे राहायचा आणि एक दिवस आपल्या खुर्चीत बसायचा हक्क आहे, हे मनापासून मान्य असणे म्हणजे सभ्यता. आणि ते मान्य केल्यावर स्वतःचे जे नुकसान होते ते सोसण्याची तयारी म्हणजे चारित्र्य. दोन्ही गोष्टी वागण्यातून कळतात. भाषणातून त्यांचा अंदाज लावणे कठीण.

बाहेर राहून देशाविषयी बोलणाऱ्यावर काय जबाबदारी येते याचा धडाही गोखल्यांच्याच आयुष्यात आहे. १८९७ मध्ये ते हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. वय एकतीस. साक्ष उत्तम झाली, नाव झाले. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांत स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी पत्रांवर विश्वास ठेवून ते इंग्लंडच्या वृत्तपत्राला सांगितले. पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

इकडे २२ जूनच्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पुण्यात धरपकड चालू होती. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. अशा वातावरणात गोखले मुंबईत उतरले. पत्रे लिहिणारे पुढे येऊन साक्ष द्यायला धजत नव्हते, आणि त्यांची नावे सरकारला देणे गोखल्यांना मान्य नव्हते. त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला आणि तो बरीच वर्षे पुसला गेला नाही.

ही माफी गरजेपेक्षा जास्त लवून मागितली गेली, असे आज वाचताना वाटते. घरझडतीत लोकांनी जे भोगले ते सगळे खोटे नव्हते. पण एका गोष्टीला सलाम करावा लागतो. ज्यांनी चुकीच्या वेळी साथ सोडली त्या मित्रांवर गोखल्यांनी दोष ढकलला नाही. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, याची किंमत त्यांनी एकट्याने भरली. नंतर पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा ते मदतीच्या कामात उतरले.

आज न्यू जर्सीत किंवा सिडनीत बसलेला मराठी माणूस एका बोटाने हजार लोकांपर्यंत निरोप पोहोचवतो. कुठल्या नेत्याने काय खाल्ले, कोणाच्या सभेत कोणी कोणते निशाण फडकवले, अमुक जुन्या पुढाऱ्याचे मूळ कुठले, असे काहीही. खरे-खोटे तपासायला तो गावात नसतो, आणि ते खोटे निघाले तर त्याला कोणी मुंबई बंदरावर उभे राहून उत्तर मागत नाही. परिणाम भोगतात ते गावात शेजारी शेजारी राहणारे. एका गल्लीतल्या दोन घरांचे बोलणे बंद होते, आणि पाठवणारा तिकडे झोपायला गेलेला असतो. देशावर प्रेम आहे म्हणून तो हे करतो, यात शंका नाही. पण प्रेमाबरोबर उत्तरदायित्व यायला हवे. गोखल्यांना ते एकतिसाव्या वर्षी कळले होते.

बाहेरून पाहण्याचा खरा लाभ देशाला कोणी करून दिला असेल तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. तिथल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात उतरले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहिले, आणि एका सकाळी काठ्या घेतलेले लोक त्यांना बाहेर काढायला आले. परदेशात माणूस म्हणून मिळालेली वागणूक आणि मायदेशी मिळालेली वागणूक यांच्यातले अंतर ज्याने असे अंगावर झेलले, त्याला सभ्यता ही दिवाणखान्यातली गोष्ट वाटणे शक्य नव्हते. सार्वजनिक जीवन समाजाहून वेगळे राहू शकत नाही, ही त्यांची खात्री तिथून आली असावी.

२५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे संविधान सभेतले समारोपाचे भाषण बहुतेकांना माहीत आहे. राजकारणात भक्ती आली की तिचा शेवट हुकूमशाहीत होतो, हा इशारा शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. त्याच भाषणातला एक छोटा भाग मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही. आंबेडकरांनी आपल्याला सतत अडवणाऱ्या, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या मांडणाऱ्या सदस्यांची नावे घेऊन आभार मानले. हे बंडखोर नसते तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, असे ते म्हणाले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, उलट त्यांच्यामुळेच संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली, असेही त्यांनी सांगितले.

आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या बंडखोरांच्या यादीतली पहिली दोन नावे आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या प्रतिनिधींची होती: ह. वि. कामत आणि डॉ. पंजाबराव देशमुख. पंजाबराव अमरावतीचे, एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले. शेतकऱ्याच्या पोराला घटनेत काय मिळणार हा त्यांचा धोशा होता आणि त्यासाठी ते मसुद्याच्या कलमाकलमावर आंबेडकरांशी भिडले. दोघेही परदेशात शिकलेले, दोघेही तळातल्या माणसासाठी झगडणारे, आणि तरी समोरासमोर. मसुदा मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी विजयी बाजूच्या माणसाने हरलेल्यांची नावे कामकाजात कायमची नोंदवून ठेवली.

तीन वर्षांनी, २२ डिसेंबर १९५२ ला, पुण्यात वकिलांपुढे बोलताना आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागते ते सांगितले. विरोधी पक्ष हवा, हे त्यात ठळक होते. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हा दाखला त्यांनी दिला. तो कायदा ब्रिटनने १९३७ मध्ये केला होता. ज्याने सरकारवर रोज टीका करायची त्याला सरकारनेच पगार द्यायचा, ही कल्पना त्या वेळी आपल्याकडे अनेकांना विचित्र वाटली असेल. लंडनमध्ये शिकलेल्या आंबेडकरांना ती लोकशाहीच्या गाभ्यातली वाटत होती. त्याच भाषणात जॉर्ज वॉशिंग्टन यांची गोष्ट आहे: लोक पूजा करायला तयार असताना दुसऱ्यांदा नाइलाजाने उभा राहिलेला आणि तिसऱ्यांदा ठाम नकार देणारा माणूस.

आपल्याकडे विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा व्हायला १९७७ साल उजाडले. तो ज्या परिस्थितीत झाला ती नीट पाहण्यासारखी आहे. आणीबाणी नुकतीच उठली होती. मोरारजी देसाई, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, मधु दंडवते हे सगळे तुरुंगातून सुटून सत्तेत आले होते. ज्या पक्षाच्या सरकारने त्यांना खटल्याविना कोंडले तो पक्ष आता समोरच्या बाकांवर होता, आणि त्याचे लोकसभेतले नेते होते यशवंतराव चव्हाण, आणीबाणीच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. सूड घ्यायचा तर याहून चांगली वेळ नव्हती. त्या वर्षी चौकशी आयोग नेमले गेले, ते योग्यच होते. पण त्याच संसदेने विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याच्या तोडीचे वेतन आणि सोयी देणारा कायदाही केला. १ नोव्हेंबर १९७७ पासून तो लागू झाला.

वानाडोंगरीच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते हेच यशवंतराव. त्यांच्या आयुष्यात विरोधकांनी दाखवलेल्या सौजन्याचा आणखी एक दाखला आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा संसदेत निवडून येणे भाग होते. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणीही उभे राहिले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी त्यांच्यावर आग ओकली त्यांनीही उमेदवार दिला नाही. देश युद्धातून होरपळून निघालेला असताना संरक्षणमंत्र्याला प्रचारात अडकवायचे नाही, एवढे भान तेव्हा होते.

आता आजकडे यावे. २०१४ पासून २०२४ पर्यंत दहा वर्षे लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा, २०१९ मध्ये ५२. एकूण जागांच्या दशांश जागा मिळवणाऱ्या पक्षालाच हे पद द्यायचे असा दंडक, आणि तो आकडा ५५. हा दशांशाचा दंडक १९७७ च्या कायद्यात कुठेही नाही. तो पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आलेला. महाराष्ट्रातही २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला २८८ पैकी दशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि त्या डिसेंबरात नागपूरला भरलेल्या अधिवेशनात विधानसभेला विरोधी पक्षनेता नव्हता. नियमावर बोट ठेवणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दिल्ली विधानसभेत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या आणि भाजपला तीन. तरी अध्यक्षांनी भाजपच्या नेत्याला विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. म्हणजे देता येते. द्यायचे की नाही हा सत्ताधाऱ्याच्या मनाचा प्रश्न आहे, आणि काँग्रेसच्या बहुमताच्या दिवसांतही तो तसाच होता.

परदेशी राहणारा माणूस अशा गोष्टींवर बोट ठेवतो तेव्हा ऐकावे. त्याने दुसरीकडे काय चालते ते पाहिलेले असते. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ मध्ये तिथला पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वडिलांच्या गावी येऊन गेला. लिओ वराडकर यांचा फिने गेल पक्ष आणि मायकल मार्टिन यांचा फियाना फॉइल पक्ष हे १९२२-२३ च्या यादवी युद्धातल्या दोन बाजूंचे वारस. त्या युद्धात भावाने भावाला मारले होते, आणि जवळजवळ शंभर वर्षे हे दोन पक्ष सरकारात एकत्र बसले नव्हते.

२०२० च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. दोघांनी ग्रीन पक्षाला घेऊन करार केला: निम्मा काळ मार्टिन पंतप्रधान, निम्मा काळ वराडकर. हा करार छापून प्रसिद्ध केला गेला आणि तिन्ही पक्षांच्या सभासदांनी मतदान करून तो मंजूर केला. पंतप्रधान असलेले वराडकर जून २०२० मध्ये पायउतार होऊन मार्टिन यांच्या हाताखाली उपपंतप्रधान झाले. ठरलेल्या महिन्यात, १७ डिसेंबर २०२२ ला, मार्टिन यांनी खुर्ची रिकामी केली.

महाराष्ट्राला २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवत असेलच. मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांचा शब्द दिला होता, असे एक पक्ष म्हणे. असा शब्द दिलाच नव्हता, असे दुसरा म्हणे. बंद खोलीतल्या त्या बोलण्याला साक्षीदार मोजके होते. खरे कोण बोलत होते हे इथे ठरवता येणार नाही. पण ज्या वाटणीवर राज्याचा कारभार ठरायचा होता ती मतदाराला मतदानाआधी कागदावर दिसली नव्हती, एवढे तर उघड आहे. वराडच्या नातवाने पाळलेला करार आणि आपला न सापडलेला करार यांच्यात आयरिश माणसाच्या स्वभावाचा मोठेपणा शोधू नये. फरक छापील कागदाचा आणि सभासदांच्या मतदानाचा आहे. ही पद्धत आपल्याला उद्या आणता येईल.

आणि बाहेर सगळे आलबेल आहे असे तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १६ जून २०१६ ला जो कॉक्स या खासदार बाईंना त्यांच्याच मतदारसंघात, मतदारांना भेटायला आल्या असताना, भर रस्त्यात मारले गेले. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव संसदेत घुसला. त्या दिवशी अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना नागपूरहून फोन आले असतील: तुम्ही सुखरूप आहात ना? ज्या देशाच्या नावाने आपल्याला दाखले दिले जातात तिथेही हे घडू शकते, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. म्हणून परदेशस्थाने ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य सोडून द्यावे. ‘आमच्याकडे हे असे टिकवले गेले आणि असे मोडले गेले’ एवढे त्याने सांगितले तर त्याचा अनुभव इथल्या माणसाच्या कामाला येईल.

या संदर्भात वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण विदर्भ त्यांना विसरत चालला आहे. अणे टिळकांचे अनुयायी. गांधीजींच्या असहकाराशी त्यांचे पटले नाही. तरी १९३० मध्ये पुसदला राखीव जंगलातले गवत कापून ते तुरुंगात गेले. १९३४ मध्ये धर्म-जातींनुसार जागा वाटणाऱ्या ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते मदनमोहन मालवीयांबरोबर काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे राहिले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांच्यावर कठोर टीका झाली. तिथे त्यांच्याकडे खाते होते परदेशस्थ भारतीयांचे.

१० फेब्रुवारी १९४३ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार सोडायला तयार नव्हते. गांधीजी दगावले तर दगावू द्यावे, अशी तयारी चालली होती. आठवडाभरात अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. वीस वर्षे ज्यांच्या मार्गाशी मतभेद होते त्या माणसाच्या जिवासाठी अण्यांनी साम्राज्यातले एक मोठे पद सोडले. त्याच मंडळात असलेल्या डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला नाही. मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि ज्यांच्यासाठी ते तिथे गेले होते त्यांचे काम सोडणे त्यांना पटणारे नव्हते. दोघांनी उलट निर्णय घेतले. दोघांच्या चारित्र्याविषयी शंका घ्यायला जागा नाही. एका प्रसंगात एकच वागणूक सच्ची, असा आग्रह धरणारे हे प्रकरण अवश्य वाचोत.

त्याच वर्षी अणे भारताचे प्रतिनिधी म्हणून कोलंबोला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. देशाच्या इतिहासातली सर्वांत गजबजलेली चार वर्षे त्यांनी समुद्रापलीकडून पाहिली. चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. पिढ्यान् पिढ्या जिथे घाम गाळला तिथे त्यांना परके ठरवले जात होते. नंतर अणे बिहारचे राज्यपाल झाले, आणि १९६२ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून काँग्रेसविरुद्ध अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले. जवाहरलाल नेहरू हयात होते, पंतप्रधान होते. अण्यांच्या विरोधाला कोणी देशद्रोह म्हटले नाही. २६ जानेवारी १९६८ ला ते वारले. त्याच वर्षी पद्मविभूषणांच्या यादीत त्यांचे नाव होते, आणि सरकार काँग्रेसचेच होते.

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांची कथा याच्या उलट टोकाची. गदर चळवळीत उडी घेतलेले, इराणात इंग्रजांशी लढलेले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या सुधारित जाती काढणारे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा उभारणारे. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. स्वातंत्र्यानंतर परत यायचे ठरवले तर व्हिसा नाकारला गेला, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव खोडायचे राहून गेले होते. नंतर ती अडचण दूर झाली. ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये इथेच वारले. राजवट बदलली तरी तिच्या याद्या आपोआप बदलत नाहीत, हे जगभरच्या स्थलांतरितांना पुरते माहीत असते.

आज परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत देण्याचा हक्क आहे. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०अ हे कलम आले. ‘६अ’ क्रमांकाचा अर्ज भरायचा, पासपोर्टवर ज्या गावचा पत्ता आहे तिथल्या यादीत नाव येते. हिंगण्याचा असेल तर हिंगणा विधानसभेच्या आणि रामटेक लोकसभेच्या यादीत. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मत दिले तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत येण्याआधीच २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपून ते बाद झाले.

तेव्हा सध्या तरी या मंडळींचे वजन मतपेटीत नाही, फोनवर आहे. आई, काका, शाळेतला मित्र यांच्याशी बोलताना ते जे विचारतील त्याला गावात किंमत आहे. पंचायत समितीची आमसभा वर्षातून एकदा आमदारांच्या अध्यक्षतेखाली भरते. पाणी, रस्ते, शाळा, घरकुले, सगळ्याचा हिशेब तिथे मागता येतो. पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला दारात आला की त्याला एवढेच विचारायला सांगावे: तुम्ही निवडून आलात, तर त्या आमसभेत तुमच्याविरुद्ध हरलेल्या माणसाला बोलायला उठू द्याल का, आणि त्याचे बोलणे इतिवृत्तात त्याच्या नावानिशी लिहून घ्याल का?